वरंध्याच्या घाटात एक दुपार

पुण्याहून महाडास उतरावयाच्या वाटा पुष्कळ आहेत. ताम्हिणीतून माणगावास जावे आणि तेथून दक्षिणेस वळावे, महाबळेश्वरावरून आंबेनळीच्या घाटाने पोलादपूर गाठावे, अथवा भोरावरून वरंध्याचा घाट धरावा. घरातील मोटार नेहमी ताम्हिणीनेच जाते. आमची फटफटी मात्र वरंध्याने जाते. पावसाळ्यात दरडी कोसळून ही वाट वारंवार बंद पडते, अवजड वाहनांस तर कित्येक वर्षी पावसाळाभर मज्जाव असतो. परंतु मार्गशीर्षात, धुके विरून उन्हे कोवळी असताना, या घाटासारखी निवांत वाट सह्याद्रीत थोडीच सापडेल.

यंदा निमित्त होते आत्याच्या सहस्रचंद्रदर्शनाचे. समारंभ महाडास, रविवारी सकाळी. घरातील मंडळी शनिवारी रात्री मोटारीने निघावयाची होती. आत्यास द्यावयाची चांदीची समई व आईने स्वहस्ते केलेले डिंकाचे लाडू आधी पोचविण्याचे काम आम्ही आपण होऊन अंगावर घेतले. बरोबर पुतण्या श्रीधर. हा वयाने सतरा वर्षांचा, बोलण्यास मोजका आणि यंत्रांच्या नादी आमच्याइतकाच लागलेला. त्यामुळे वहिनींचा आम्हा दोघांवर सारखाच राग असतो. निघताना त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "भाऊजी, दिवेलागणीच्या आत पोचा, आणि पोचल्याबरोबर फोन करा." आम्ही मान हलविली. अशा वेळी मान हलविण्यास काही पडत नाही.

भोर येईपर्यंत सांगण्यासारखे काही घडले नाही. पंतसचिवांचे हे संस्थान 1948 साली विलीन झाले, तरी गावाच्या अंगावर राजधानीपणाची खूण अजून आहे. राजवाड्याच्या बाजूने जाताना आपोआप वेग कमी होतो. गाव सुटल्यावर रस्ता नीरेच्या खोऱ्यात शिरतो आणि नीरा-देवघर धरणाच्या पाण्याला वळसे घालीत घालीत पश्चिमेकडे सरकू लागतो. पाणी डावीउजवीकडे कोठे डोकावेल याचा नेम नसतो. त्या दिवशी ते इतके स्थिर होते की पलीकडच्या डोंगराच्या सुरकुत्याही त्यात मोजाव्या.

याच वळणांवर श्रीधर प्रथम बोलला. "काका, मागचं चाक हलतंय."

"रस्ता खराब आहे," आम्ही म्हणालो.

तीनचार किलोमीटर गेल्यावर पुन्हा मागून आवाज आला. "काका, आता खड्डा नव्हता."

आम्ही उत्तर दिले नाही. वीस वर्षे फटफटी चालविणाऱ्या माणसास मागे बसलेल्या मुलाने चाक हलते म्हणून सांगावे, हे आम्हास रुचले नाही, हे येथे कबूल केले पाहिजे. वस्तुतः सांगण्याचा अधिकार त्याचाच होता. चालविणाऱ्याचे हात पुढच्या चाकाशी जोडलेले असतात, म्हणून पुढच्या चाकाची बारीकसारीक तक्रार त्याला तत्काळ समजते. मागचे चाक मात्र मागे बसणाऱ्याच्या खाली असते, आणि त्याचे वर्तमान प्रथम त्यालाच मिळते. आम्हास एवढेच जाणवत होते की वळणावर फटफटी कलती केली म्हणजे तिचा मागचा भाग आमच्यामागून क्षणभर उशिराने वळतो. एखादे हट्टी पोर हात धरून नेताना जसे मागे ओढते, तसे काहीसे. त्याचा दोष आम्ही सामानाच्या बोजावर टाकला होता.

हिरडोशी मागे पडली आणि चढ लागला. माथ्यावर खिंडीत रस्ता कावळ्या किल्ल्याचा डोंगर कापून पलीकडे उतरतो. तेथून थोडे खाली वाघजाईचे देऊळ आहे, आणि देवळाजवळ चहाभज्यांच्या टपऱ्या. खिंडीतल्या वळणावर मागून स्पष्ट 'टक्' असा आवाज आला, तो आम्हीही ऐकला. श्रीधर काही बोलला नाही. आम्ही वाघजाईपाशी थांबलो आणि, चहाची तल्लफ आली आहे असे म्हणून, फटफटी मधल्या स्टँडवर चढविली.

आदल्या रात्री आम्हीच साखळी ताणून बसविली होती. साखळी ताणावयाची तर मागच्या आसाचा नट सैल करावा लागतो. तेव्हा तो पुन्हा आवळावयास विसरलो की काय, ही पहिली शंका. पाना लावून पाहिला. नट जसाच्या तसा घट्ट. अंगातील सर्व बळ खर्चूनही तो पाव फेरासुद्धा सरकेना. आम्ही विजयी मुद्रेने श्रीधरकडे पाहिले आणि चहाचा पेला हाती घेतला.

टपरीच्या बाकावर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. टपरी त्यांच्या सुनेची. तरुणपणी बैलगाडी हाकण्यात त्यांचे आयुष्य गेले होते, असे मागाहून कळले. ते म्हणाले, "दादा, नट काय बगता? चाक धरून हलवून बगा की."

सल्ला इतका सरळ होता की नाकारणे शक्य नव्हते. एक हात चाकाच्या माथ्यावर, दुसरा तळाशी ठेवून, वरचा आपल्याकडे ओढला आणि खालचा पलीकडे लोटला. 'टक्'. उलट केले. पुन्हा 'टक्'. रबरी धावेपाशी चाक चांगले तीनचार मिलीमीटर कलत होते. नट घट्ट आणि चाक सैल, असा तो चमत्कारिक प्रकार होता.

मागचे चाक हलते म्हणजे चाकच सैल असते असे नाही, हे या यंत्राशी ज्यांचा परिचय नाही त्यांच्यासाठी सांगावयास हवे. चाक ज्या लोखंडी चिमट्यात बसते, तो चिमटा पुढच्या टोकाशी एका खुंट्यावर वरखाली झुलतो. त्या खुंट्यावरचे बुश झिजले, तर सबंध चिमटाच चाकासकट डावीउजवीकडे डुलतो. चाकाच्या तारा ढिल्या झाल्या तर आस जागच्या जागी राहून बाहेरचे कडे हलते. साखळीच्या बाजूस ड्रमात बसविलेली रबरे चुरली तर चाक पुढेमागे हिसके देते. आणि आसावरचे बेअरिंग गेले तर आस व चिमटा स्थिर राहून चाक कलते. बसणाऱ्याला या चारही दुखण्यांची जाणीव जवळजवळ सारखीच होते, औषध मात्र प्रत्येकाचे निराळे. त्यामुळे एकेक शंका हाताने फेडीत जाणे प्राप्त असते.

श्रीधरने न सांगता चिमट्याच्या खुंट्यावर तळहात ठेवला. आम्ही चाक हलविले. "इथं काही नाही, काका." मग पान्याच्या टोकाने एकेक तार वाजवून पाहिली. सगळ्या टणटण बोलल्या. दोनच जरा बसक्या आवाजाच्या निघाल्या, पण तेवढ्याने काही बिघडत नाही. चाक पुढेमागे हिसडले, रबरे ठीक होती. राहिले बेअरिंग. साखळी उतरवून, चिमट्याला एक हात लावून, आम्ही चाक सावकाश फिरविले. आत कोणी वाळू भरडीत असावे तशी खरखर हाताला लागली. आता वादाला जागा उरली नाही.

आणि खरा प्रश्न येथे उभा राहिला. महाड तासाभराच्या अंतरावर, पण तो तास सगळा उताराचा आणि वळणांचा. एका हाताला कडा, दुसऱ्या हाताला दरी. बेअरिंग वाटेत अगदीच फुटले तर चाक तिरपे होऊन ब्रेक अडकणार, साखळी उतरणार. पुढे काय होईल ते लिहिण्याची आवश्यकता नाही. तरीही, पहिल्या गियरमध्ये हळूहळू उतरता येईल, श्रीधरने एखाद्या वाहनातून यावे, असे आम्ही बोलून गेलो.

तो जमिनीकडे पाहत म्हणाला, "वाहनच मिळत असेल, तर चाकच त्यातून जाऊ दे ना."

भोराकडून भाजी घेऊन बिरवाडीस जाणारा एक टेम्पो चहासाठी उभाच होता. हाकणाऱ्याने एका माणसास आणि एका चाकास जागा देऊ केली. समई व लाडू घेऊन येथे कोणास तरी थांबणे भाग होते, आणि मुलाला चांदीसह घाटात बसवून आपण निघून जावे हे मनास पटेना. ब्रेकची कांब सोडली, साखळीच्या ताणाची खूण कोठे होती ती चुन्याने रंगवून ठेवली, आस काढून चाक बाहेर ओढले. श्रीधर ते मांडीवर घेऊन टेम्पोत बसला. तेव्हा दुपारचा एक वाजला होता. टेम्पो पहिल्या वळणाआड गेला आणि मग आमच्या ध्यानात आले की या जागी फोनचा संदेश पोचत नाही.

पुढील पाच तास आम्ही वाघजाईपाशी काढले. एवढ्या वेळा हा घाट ओलांडला, पण तो पाहिला त्या दिवशी. ज्या कड्यावर आम्ही बसलो होतो, त्याच्या पाठीमागे पडलेला पावसाचा थेंब नीरेत जातो, नीरा नरसिंहपुराजवळ भीमेस मिळते, भीमा कृष्णेस, आणि तो थेंब अखेर पूर्वसमुद्रास पोचतो. त्याच्या हातभर पलीकडे पडलेला दुसरा थेंब दरीत कोसळून सावित्रीस मिळतो आणि बाणकोटच्या खाडीतून पश्चिमसमुद्रास जातो. रस्त्याच्या वरच्या अंगास कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. त्यांच्या काठी बसले की खाली शिवथरचे खोरे उघडते. भाताची काढलेली खाचरे, मध्येच कौलांचा लाल ठिपका, आणि उन्हात पोपटी दिसणारे वालाचे चौकोन. माकडे आमच्या लाडवांच्या डब्याभोवती अगदी सभ्यपणाने वर्तुळ करून बसली होती. वर्तुळ दर घटकेस लहान होत होते.

बाबांशी गप्पा चाकावरूनच निघाल्या. त्यांच्या गाडीच्या चाकाला छर्रे नव्हते, बेअरिंग नव्हते. लाकडी तुंबा, लोखंडी आस, आणि मध्ये वंगण. तुंबा आतून झिजला की चाक डुलू लागे, आणि ते मागे चालणाऱ्याला आधी दिसे. "बैल म्होरं बगतो, गाडीवान बैलाकडं बगतो. चाकाकडं कोन बगतंय? मागनं येणारा." आम्ही भज्यांची दुसरी ताटली मागविली.

1794 साली वेल्समधील फिलिप वॉन नावाच्या लोखंडाच्या कारखानदाराने घोडागाडीच्या आसासाठी प्रथम अशा गोळ्यांची योजना करून हक्कपत्र मिळविले. घासण्याच्या जागी लोळण्याची योजना, एवढाच तो शोध. एक कडे आसाला, एक कडे चाकाला, दोहोंमध्ये खोबण आणि खोबणीत लोळणाऱ्या पोलादी गोळ्या. बाबांना हे सांगितले तेव्हा त्यांनी थोडा विचार करून विचारले, "मग ते झिजत न्हाई?" आम्ही म्हणालो, नीट बसविले तर सहसा नाही. हे म्हणताना आमचे मन किंचित् अडखळले. ही बेअरिंगे आम्हीच घरी बसवून तीन आठवडेही झाले नव्हते. बसविल्यावर चाक जरा जड फिरत होते, ते आम्ही नवेपणावर घातले होते.

चार वाजले, पाच वाजले. महाडाकडून येणाऱ्या प्रत्येक वाहनाच्या आवाजाने आम्ही उठून उभे राहत होतो. बाबांची सून एकदा म्हणाली, "येतील हो, पोरगं हुशार दिसतंय." हुशारीचा येथे काय उपयोग, असे मनात आले. सतरा वर्षांचा मुलगा, परके गाव, हातात एक चाक आणि खिशात आम्ही दिलेल्या तीन नोटा. वहिनींना आपण काय सांगणार, हे आम्ही तीनचार प्रकारे मनात जुळवून पाहिले, एकही प्रकार धड जमेना. सूर्य रायगडाच्या बाजूच्या डोंगरांत उतरला, दरीत निळसर सावली भरू लागली, टपरीवाल्या सामान आवरू लागल्या.

सहा वाजून गेल्यावर खालून एका स्कूटरचा दिवा वळणे घेत वर आला. हाकणारा अनोळखी, मागे श्रीधर, आणि दोघांच्या मध्ये चाक.

बिरवाडीचा तो कारागीर चाक घेऊन स्वतःच वर आला होता. फटफटीच्या सुट्या भागांचे दुकान दुपारी बंद, म्हणून श्रीधरने जुन्या बेअरिंगावरचा आकडा वाचून पंपाच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्याकडून तीच बेअरिंगे मिळविली होती. 6203 हा आकडा फटफटीचा नसून मापाचा असतो. आतले भोक 17 मिलीमीटर, बाहेरचा व्यास 40, रुंदी 12, मग ते कोणत्या देशात आणि कोणत्याही यंत्रात बसो. येथवर सर्व सुरळीत झाले होते. कारागिराच्या येण्याचे कारण निराळेच होते.

"साहेब, चाकातली मधली नळी कुठाय?" त्याने विचारले.

चाकाच्या तुंब्यात दोन बाजूंस दोन बेअरिंगे असतात, आणि त्यांच्या आतल्या कड्यांमध्ये टेकणारी एक पोलादी नळी असते. आस त्या नळीतून जातो. नट आवळला की त्याचा दाब एका कड्यावरून नळीवर, नळीवरून दुसऱ्या कड्यावर जातो आणि बेअरिंगांस इजा होत नाही. नळी नसेल तर तोच नट दोन्ही आतली कडी एकमेकांकडे ओढतो. गोळ्या खोबणीच्या मध्यावरून कडेवर चढतात आणि प्रत्येक फेऱ्याबरोबर कड्यांना बारीक खड्डे पाडीत जातात. नट जितका अधिक आवळावा, तितका चाकाचा नाश लवकर. आदल्या रात्री आम्ही तो अंगातील सर्व बळाने आवळला होता.

कारागिराने जुनी बेअरिंगे तळहातावर ठेवून दाखविली. एकातील दोन गोळ्या फुटलेल्या होत्या. "घाट उतरला असतात तर काही खरं नव्हतं," तो म्हणाला, आणि मग, "बसवली कोणी ही?"

श्रीधर खाली बसून साखळीचा जोड तपासू लागला. तो जोड तपासण्याची काही गरज नव्हती.

आम्हास ती रात्र स्वच्छ आठवली. अंगणात गोणपाट पसरून आम्ही दोघे बसलो होतो. दोन्ही बेअरिंगे ठोकून झाली आणि गोणपाटावर एक नळी उरली. श्रीधरने ती उचलून विचारले होते, "काका, ही कशाची?" जेवणाची पाने वाढली होती, आईच्या दोन हाका येऊन गेल्या होत्या. आम्ही म्हणालो होतो, "ती जुन्या बेअरिंगांबरोबरची. आता नको."

"आम्हीच बसविली," आम्ही कारागिरास सांगितले.

"मी पण होतो," श्रीधर साखळीवरची मान वर न करता म्हणाला.

कारागिराने पुढे काही विचारले नाही. त्याने लेथवर नवी नळी कातून आणली होती. तुंब्यातील दोन बैठकींमधले अंतर व्हर्नियरने मोजून, त्यापेक्षा केसभर लांब ठेवलेली. थोडी आखूड झाली तर नसल्यासारखीच, असे तो म्हणाला. बेअरिंगे त्याने खालीच बसविली होती, बाहेरच्या कड्यावर जुने बेअरिंग ठेवून त्यावर ठोकीत. आतल्या कड्यावर एकदा जरी हातोडा पडला तरी नवे बेअरिंग जुने होते, हे त्याने श्रीधरला करून दाखविले होते. मग स्कूटरच्या दिव्याच्या उजेडात चाक चिमट्यात चढले, चुन्याच्या खुणा जुळल्या, साखळीला मध्यावर दोनअडीच सेंटीमीटर खेळ ठेवला, नट आवळला. कारागीर म्हणाला, "आणखी आवळा." आम्ही आवळला. त्याने चाकाला एका बोटाने धक्का दिला. ते निःशब्द फिरत राहिले, किती तरी वेळ. बाबा बाकावरून उठून पाहावयास आले.

माथ्यावर आणि तळावर हात ठेवून आम्ही चाक हलवून पाहिले. मग श्रीधरला पाहावयास सांगितले. त्याने पाहिले आणि मान हलविली.

कारागीर स्कूटरवरून पुढे आणि आम्ही मागे, असा घाट अंधारात उतरलो. वरंधा गावाचे दिवे लागेपर्यंत कोणी बोलले नाही. गाव ओलांडल्यावर आम्ही मान किंचित् वळवून विचारले, "मागचं चाक काय म्हणतंय?"

"काही नाही, काका. गप्प आहे."

आत्याच्या दारात पोचावयास साडेआठ झाले. फोनवर वहिनींच्या पुढ्यात जे काही बोललो त्यात घाटातील रहदारीचा उल्लेख होता. घरातील मोटार तोवर निघावयाच्या बेतात होती, त्यामुळे चौकशी लांबली नाही. समई पोचली, लाडवांपैकी चार माकडांना गेले होते. दुसऱ्या दिवशी आत्याला ओवाळून झाल्यावर सगळ्यांच्या देखत तिने विचारले, "काल एवढा उशीर का रे झाला?" तेव्हा मात्र नळीची गोष्ट आम्ही पहिल्यापासून सांगितली, श्रीधरने दोनदा सांगितलेले आम्ही कसे ऐकले नाही तेही. वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांनी श्रीधरच्या पानात आणखी एक जिलबी वाढली, आमच्या पानाकडे पाहिले नाही.

पुण्यास आल्यावर आम्ही हत्यारांची पेटी, खिळ्यांचे डबे आणि माळा धुंडाळला. नळी सापडेना. रात्री श्रीधरच्या खोलीत काही विचारावयास गेलो, तो ती त्याच्या अभ्यासाच्या मेजावर उभी होती, आत दोन पेन्सिली. त्या रात्रीपासूनच ती तेथे असावी. त्याने पेन्सिली काढून नळी आमच्या हातात दिली. आम्ही ती फडक्याने पुसली, तेल लावले आणि कागदात गुंडाळून पेटीत ठेवली. कागदावर '6203, मागचे चाक, मधली नळी' असे लिहिण्याचे काम श्रीधरने केले.